लेन्समधलं धुकं

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. 'सादर प्रणाम' लिहिणार होते, पण ते वाचून तू दिवसभर फिदीफिदी हसला असतास, म्हणून साधाच नमस्कार. तू बरा असशील. आम्हीही बरे आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण ती त्याहून जास्त कुरकुरते, त्यामुळे गुडघ्याचं कोणी ऐकत नाही.

दुकान चालू आहे. तू म्हणायचास, रोलचे कॅमेरे दुरुस्त करून घ्यायला आता काळं कुत्रंही फिरकणार नाही. उलट कॉलेजातली पोरं आजोबांचे कॅमेरे घेऊन येतात, रोल कसा भरायचा ते विचारतात, आणि फोटो लगेच दिसत नाही म्हणून खूश होतात. तुझ्या स्टुलावर आता मी बसते. कॅमेऱ्याचं शटर उघडून, साफ करून पुन्हा जोडणं मला जमतं. बारकी स्प्रिंग उडून हरवली की शिव्याही देते, अगदी तुझ्यासारख्याच.

बाबांचं तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. ते ठीक आहेत. जेवतात, खोकतात, रेडिओशी भांडतात.

हे लिहून मी पेन खाली ठेवलं आणि चहा करून आले. दादा, ते ठीक नाहीत.

उन्हाळ्यापासून त्यांचं एकच पालुपद सुरू झालं. येईल त्या लेन्समध्ये त्यांना धुकं दिसायचं. "हल्ली लोक कॅमेरे ठेवतात तरी कुठे, न्हाणीघरात? सगळ्यांच्या काचांना बुरशी!" शटर अडकलं म्हणून कोणी आलं तरी बाबा त्याची लेन्स खोलून बसायचे. काचा पुसायच्या, जोडायच्या, मागून बॅटरीचा उजेड टाकून बघायचं, आणि पुन्हा खोलायचं. मला त्या लेन्समध्ये काहीच दिसायचं नाही. वाटलं, माझीच नजर अजून तयार झालेली नाही. आपल्या दुकानात बाबांचा शब्द शेवटचा, मी काय बोलणार?

मग ते मिशीवाले फोटोग्राफर काका त्यांची लेन्स परत न्यायला आले. त्यांनी ती उजेडाकडे धरली आणि हळूच म्हणाले, "मास्तर, मधल्या काचेवर ओरखडे आलेत हो. देताना नव्हते."

पुसून पुसून बाबांनीच पाडले होते. बाबा म्हणाले, "ओरखडे? मला तर अजून धुकंच दिसतंय." काकांनी वाद घातला नाही. लेन्स रुमालात गुंडाळली आणि फक्त माझ्याकडे बघितलं.

हातापाया पडून बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू आहे, तो काढता येईल. पण त्याच्यामागे काचबिंदूही होता आणि त्याने आतली नस खाल्ली आहे. गेलेली नजर परत यायची नाही. उरलेली औषधाच्या थेंबांवर टिकेल तेवढी टिकेल. बाबांनी नीट ऐकून घेतलं आणि वर डॉक्टरांनाच समजावलं, "म्हणजे लेन्स बदलून मिळेल, पण आतला रोलच खराब झालाय." डॉक्टर हसल्या, बाबाही हसले. मी जिन्यात जाऊन रडले.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते.

तिथून बाबा घरी न जाता दुकानात आले. खालच्या खणातून एक डबी काढली आणि त्यातली लेन्स माझ्या हातावर ठेवली. मी लगेच ओळखली. तूही ओळखशील. आठवडाभर खपून तू ती साफ केली होतीस, आणि बाबांनी गिऱ्हाइकांसमोर तुला झाडलं होतं, "धुकं आहे तसंच आहे. हात आहेत की खुरपी?" तू सांगत होतास, "बाबा, साफ आहे, नीट बघा." त्यावर "मला शिकवतोस?" झालं, आणि संध्याकाळी तू बॅग भरलीस. त्यानंतर ती लेन्स त्यांनी विकलीही नाही आणि उघडलीही नाही.

"उजेडाकडे धर," बाबा म्हणाले. "आणि माझं मन राखू नकोस. आहे ते सांग."

मी दारात जाऊन बघितलं. मागून बॅटरी टाकूनही बघितलं. एखादा तरी डाग सापडू दे, असं मनापासून वाटत होतं.

"साफ आहे, बाबा."

"कडेला?"

"कडेलाही."

ते खुर्चीत बसले. "म्हणजे तेव्हाही माझ्याच डोळ्यात होतं," म्हणाले. "पोरगं खरं सांगत होतं."

मी म्हटलं, आत्ताच फोन लावते. तर अंगावर धावून आले. "डोळ्यांचं त्याला सांगायचं नाही. कीव करून आलेला मला नको." तुम्हा दोघांचा हेका एकाच साच्यातला आहे. त्यांचा आला तसा मला तुझाही राग येतो, दादा. एवढ्या दिवसांत एकदा फोन करायला तुझं काय जात होतं? असो. मी त्यांच्यापुढे मान डोलावली आणि आज त्यांचा शब्द मोडते आहे.

आता त्यांना फक्त मधलं थोडंसं दिसतं, तेही चांगल्या उजेडात. काल सकाळी त्यांनी मला खिडकीपाशी उभं केलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी विचारलं, "काय बघताय एवढं?"

"पाठ करतोय," ते म्हणाले.

माझा चेहरा त्यांना पाठ झाला. आईचा तर कधीचाच आहे. तुझा त्यांच्याकडे आहे तो बॅग उचलून निघालेला, रागाने लाल झालेला. तेवढाच घेऊन त्यांना अंधारात जायला लावू नकोस.

बाबांच्या चोरून,
तुझी ठकी