जरा बाहेर जा, कॅझ

बफेलो,
सोमवार, डिसेंबरचा पहिला आठवडा

प्रिय कॅझ,

माझं पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्यांदा सांगते, पपा अजून आहेत. मी हे लिहितेय आणि ते समोर तपकिरी खुर्चीत झोपलेत. अंगावर ममाने विणलेली निळी-लाल शाल आहे आणि टीव्हीवर कालचीच मॅच आवाज बंद करून पुन्हा लावलीय. काल आपण जिंकलो. तुला माहीत असणारच. तू बघतोस हे मला पक्कं ठाऊक आहे, कितीही नाही म्हणालास तरी. फोनवर मी आपल्या बिल्स संघाचं नाव काढलं की तू माझ्या गुडघ्याची चौकशी करतोस, आणि पपांचं नाव काढलं की नेमकं तुझ्या दारावर कुणीतरी येतं. तीस वर्षांत तुझ्या दारावर इतकी माणसं आली की फिनिक्समध्ये आता यायचं कुणी उरलं नसेल. म्हणून पत्र लिहायला बसले. ते तू मध्येच टाकून दिलंस तरी मला कळणार नाही, तेवढाच मला धीर.

गुरुवारपासून सरोवरावरून बर्फ येतंय. समोरच्यांची गाडी होती तिथे आता नुसता उंचवटा आहे. रस्त्यावर आवाज नाही, घरात आवाज नाही, आणि अशा पांढऱ्या दुपारी मला नक्की कोणतं साल चालू आहे तेच कळेनासं होतं. पपांचंही तसंच आहे, त्यांना तर औषधांची साथ आहे. ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांनी त्यांना घरी पाठवलं तेव्हा पपांनी सरळच विचारलं, ‘किती राहिलं माझं? दिवस-महिने मला सांगू नका, मॅचेसमध्ये सांगा.’ डॉक्टर आपल्याच भागातला, त्याला यात काही वावगं वाटलं नाही. बोटं मोजून म्हणाला, ‘घरच्या मैदानावरच्या चार तर धरून चाला, स्टॅन. प्लेऑफच्या बाद फेऱ्यांचा शब्द मात्र मी देत नाही.’ त्यावर पपा म्हणाले, ‘तो शब्द मला आजवर कुठल्या कोचनेही दिलेला नाही.’ दोघं हसले. मी गाडी काढायच्या निमित्ताने बाहेर गेले आणि तिथे रडून घेतलं. चारांतल्या तीन झाल्या, कालची धरून.

ते बहुतेक वेळ झोपलेले असतात, पण झोपेत त्यांची रोज मॅच चालू असते. परवा डोळे मिटूनच त्यांनी मला एक अख्खा टचडाऊन सांगितला. बॉल फेकणारा आत्ताचा, झेलणारा साठच्या दशकातला, मैदान शहरातलं जुनं, कधीच पाडलेलं, आणि पायऱ्यांवर बसून ममा सगळ्या रांगेला सॉसेज वाटतेय. मी विचारलं, ‘कोण जिंकतंय पपा?’ म्हणाले, ‘अजून वेळ आहे गं.’ किती छान हसत होते सांगू! मला वाटलं, मलाही तिकडे घेऊन चला, मला पण ममाच्या हातचं खायचंय. मग ते गाढ झोपले आणि मी बराच वेळ त्या जुन्या मैदानावरच होते.

ते सगळं सुरू कसं झालं, आठवतं तुला? मी चौदा-पंधरा वर्षांची होते. गाडीचे दिवे चालू राहिलेत का ते बघायला तू बाहेर गेलास आणि आपण टचडाऊन केला. पुढच्या रविवारी तू पुन्हा कशासाठी तरी गेलास, पुन्हा टचडाऊन. तिसऱ्या रविवारी संघ अडकला तेव्हा पपा म्हणाले, ‘कॅझ, जरा गाडीचे दिवे बघून ये रे.’ तू म्हणालास, ‘गाडी तर युजीन घेऊन गेलाय.’ पपा म्हणाले, ‘मग त्याची वाट बघ बाहेर.’ आम्ही पोट धरून हसलो, तूही हसलास, आणि तू दाराबाहेर पाय टाकलास तोच गुण मिळाले. झालं. त्यानंतर ‘जरा बाहेर जा, कॅझ’ हा घरातला नियमच होऊन बसला. तशी प्रत्येकाला नेमून दिलेली कामं होतीच. शेजारच्या युजीनने हंगामभर टोपी धुवायची नाही, ममाने स्वयंपाकघराच्या दारात उभंच राहायचं, मी जमिनीवर त्याच चौकटीत बसायचं. आम्हा सगळ्यांना संघासाठी काहीतरी करायचं होतं. तुला फक्त तिथे नसायचं होतं. हे मला तेव्हा कळायला हवं होतं, कळलं नाही.

समोरच्या त्या काचेच्या पोर्चमध्ये तू अडीच हंगाम काढलेस, हात खिशात घालून, कानटोपी नाकापर्यंत ओढून. टीव्ही खिडकीखाली होता, त्यामुळे तुला पडदा दिसायचा नाही, आम्ही दिसायचो. तू मॅच आमच्या चेहऱ्यांवर बघायचास. आत आल्यावर माझ्याकडे बोट करून म्हणायचास, ‘बर्नीचं तोंड उघडं राहिलं की वीस यार्ड, पपा खुर्चीतून उठले की टचडाऊन, आणि ममाने छातीवर क्रॉस केला की बॉल समोरच्या संघाकडे.’ तुझा हिशेब कधी चुकायचा नाही. मला आतून तुझं डोकं धूसर दिसायचं, तुझ्या श्वासाने काच धुरकट झालेली, आणि एका बोटाने तू पुसून ठेवलेलं एक गोल भोक. त्या भोकातून एक डोळा आमच्याकडे लागलेला. माझ्या स्वप्नात तो डोळा अजून येतो, खरंच सांगते.

मग तो जानेवारी आला. बिल्स पहिल्यांदा हंगामाच्या अंतिम मॅचला, सुपर बोलमध्ये. त्या दिवशी संध्याकाळी अर्धी मॅच तू बाहेरच होतास. शेवटचे आठ सेकंद, आपण एका गुणाने मागे, आणि सत्तेचाळीस यार्डांवरून किक. बॉल दोन खांबांमधून गेला की आयुष्यभराची वाट बघणं फळाला. तेवढ्यात दार उघडलं, गार वारा आत आला, तू येऊन माझ्या मागे उभा राहिलास. आणि बॉल उजवीकडून बाहेर गेला. पपांनी पडद्याकडे पुन्हा बघितलंही नाही. तुझ्याकडे वळून म्हणाले, ‘कुणी सांगितलं होतं तुला आत यायला?’ तू म्हणालास, ‘कुणी नाही. मीच आलो.’ ते म्हणाले, ‘एवढी एक गोष्ट सांगितली होती, तीही ऐकता आली नाही तुला.’ पुढचं तुम्ही दोघं जे बोललात ते मी लिहीत नाही, मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. मार्चमध्ये तू अरिझोनाला, त्या फिनिक्समध्ये गेलास, जिथे बर्फ नाही आणि पोर्चही नाहीत. माझा नवरा म्हणतो, फुटबॉलच्या मॅचवरून कुणी घर सोडतं का? तो क्लीव्हलंडचा आहे, त्यांचा संघ तर आपल्यापेक्षाही हरणारा, त्याला तरी हे विचारावं लागायला नको होतं.

तू गेल्यावर काय झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. ओळीने आणखी तीन वर्षं आपण सुपर बोलला गेलो आणि ओळीने तिन्ही वेळा हरलो. शेवटच्या वेळी युजीन म्हणाला, ‘स्टॅन, अरिझोना पुरत नाही रे. पोराला आता चंद्रावर पाठवून बघ.’ सगळे हसले. पपा मॅच संपायच्या आत उठून आत निघून गेले. असं त्यांनी आयुष्यात एकदाच केलं. युजीनला वाटलं, संघ हरतोय म्हणून गेले. मला तसं वाटलं नाही, पण मी गप्प बसले. गप्प बसायची मला तोवर चांगली सवय झाली होती.

आणि बत्तीस गुणांनी मागे पडून जिंकलो ती मॅच! आपल्याकडे तिकिटं उरली म्हणून, तेव्हाच्या नियमाप्रमाणे, गावात टीव्हीवर दाखवलीच नव्हती, आम्ही स्वयंपाकघरात रेडिओभोवती बसलो होतो. युजीन तर वैतागून घरी जायला निघाला होता. तेव्हा तुझा फोन आला. तुझ्याकडे टीव्हीवर चित्र दिसत होतं, तरी तू ममाला म्हणालास, ‘रिसीव्हर रेडिओजवळ धर, मला आपल्या माणसाची कॉमेंट्री ऐकायचीय.’ ममाने पपांकडे पाठ केली आणि रिसीव्हर अॅप्रनखाली लपवून धरून उभी राहिली. तुला एक गोष्ट कधी कुणी सांगितली नाही, ती मी आज सांगते. पपांनी ते बघितलं. उठले आणि रेडिओचा आवाज वाढवला. नंतर आणखी वाढवला. भिंती हादरत होत्या, युजीन कानावर हात ठेवून ओरडत होता, ‘अरे बहिरा झालास का?’ आणि पपा म्हणत होते, ‘लांबच्यांना ऐकू जायला हवं.’ तो संबंध आवाज तुझ्यासाठी होता, कॅझ.

ममाच्या अंत्यविधीला तू आलास, त्या दिवशीही सगळे घरात आले आणि तू कॉफीचा कप घेऊन पोर्चमध्येच उभा राहिलास. पपा खुर्चीतून काचेकडे बघत होते. तू रस्त्याकडे बघत होतास. मी तुला बोलवायला दोनदा उठले आणि दोनदा खाली बसले. मला दारापर्यंत जाववेना. कारण तुला माहीत आहे. या जगात दोघांनाच माहीत होतं, तुला आणि मला.

काल मॅचच्या तिसऱ्या क्वार्टरमध्ये पपा झोपेतून एकदम जागे झाले. डोळे स्वच्छ होते. काचेकडे बघून म्हणाले, ‘बर्नी, कॅझ बाहेरच आहे का गं अजून?’ मी हो म्हणून वेळ मारून नेली असती तरी चाललं असतं, ते पुन्हा झोपले असते. पण मला ते सोसवेना. मी त्यांच्या पायाशी बसले आणि सांगून टाकलं. ‘पपा, त्या दिवशी तो आपणहून आत आला नव्हता. मी बोलावलं होतं. किक घ्यायला माणूस मैदानात आला, तेव्हा मला काचेतला त्याचा डोळा दिसला आणि वाटलं, एवढं तरी त्याने बघावं. मी उठून दार उघडलं, तो मान हलवून नको नको म्हणत होता, मी त्याला बाहीला धरून आत ओढलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी घाबरले आणि त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.’ कॅझ, तू एकदा जरी माझ्याकडे बघितलं असतंस तर मी बोलले असते, असं मी स्वतःला तीस वर्षं सांगत आलेय. ते खरं नाही. मी तेव्हाही बोलले नसते. मला माफ कर.

मला वाटलं, ते चिडतील. आपण टचडाऊन केला, युजीन नाचला, त्यांनी तिकडे बघितलं नाही. मग म्हणाले, ‘म्हणजे पोरगं माझं ऐकून उभं होतं तिथे.’ थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाले, या वेळी नुसत्या ओठांनी. मग युजीनला टीव्ही बंद करायला लावला, मॅच चालू असताना, आणि मला म्हणाले, ‘त्याला बोलाव. घरची पुढची मॅच त्याने इथे आत बसून बघायची. हरलो तर हरलो.’ ती मॅच आजपासून तेरा दिवसांनी, रविवारी दुपारी आहे, आणि डॉक्टरांनी बोटं मोजून दिलेल्या चारांतली ती शेवटची आहे. हे पत्र मी त्यासाठी लिहिलंय. काल रात्री त्यांना पांघरूण घालताना त्यांनी माझा हात धरून विचारलं, ‘त्या दिवशी थंडी किती होती गं बाहेर?’ मला सांगता येईना. मी आत होते. ते आज सकाळी उठल्यापासून तेच विचारतायत, युजीनला विचारलं, नर्सला विचारलं, आणि आम्हा कुणालाच माहीत नाही. तू ये आणि त्यांना सांग.

तुझीच धाकटी,
बर्नी