गॉलच्या राजाची मिशी

ती. आत्यास,

वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून अर्ध्यातच थांबलो). तुझे गुडघे कसे आहेत? तुझं खऱ्या केसांचं गंगावन कपाटातून नाहीसं झालं आणि त्या संशयावरून तू वहिनींशी, म्हणजे स्वतःच्या सुनेशी, आठ महिने अबोला धरला आहेस, हे ऐकून वाईट वाटलं. फारच वाईट वाटलं. पण ते असो.

काल आमचा सिनेमा लागला. आमचा म्हणजे, तुला ठाऊकच आहे, माझ्याकडे फक्त मिशा. विषय प्राचीन गॉल. आजच्या फ्रान्सच्या जागी दोन हजार वर्षांपूर्वी हे लोक राहायचे, भरघोस मिशा ठेवायचे आणि रोमनांशी लढायचे. आमच्याकडे सैनिक साठ, मिशा पंचवीस. म्हणून जो मेला त्याची मिशी उपटायची, डिंक लावायचा आणि मागच्या जिवंत माणसाला चिकटवायची. (त्यामुळे पडद्यावर हे लोक मिशी काढूनच मरतात असं दिसतं. पुढच्या रांगेतल्या एका मास्तरांनी तो त्यांचा विधी समजून वहीत टिपूनही घेतला.) शिंप्याने गादीच्या पट्टेरी कापडाच्या विजारी शिवल्या होत्या. बसलं की त्या उसवायच्या, म्हणून अख्खं गॉल उभ्याने जेवतं. रोमन सेनापती मनगटावरचं घड्याळ बघून हल्ल्याचा हुकूम देतो. लोक पोट धरधरून हसत होते, आणि माझ्या शेजारी बसलेला शिंपी स्वतःच्याच विजारींना हसत होता.

राजाची मिशी मात्र बघत राहावी अशी! छातीपर्यंत लांब, काळीभोर, मऊसूत. शेवटी गाव पेटतं, राजा त्वेषाने भाषण करता करता मशालीवर वाकतो आणि मिशी खरोखरच पेट घेते. (हे ठरलेलं नव्हतं. पण सबंध सिनेमात राजाचा तेवढाच अभिनय खरा आला, म्हणून दिग्दर्शकाने तो ठेवला.) सगळं थिएटर खिदळत होतं आणि मी एकटा ढसाढसा रडत होतो. शिंप्याने माझी पाठ थोपटली.

बाकी ठीक. आतोबांना नमस्कार, वहिनींना जरा जास्तच.

तुझा भाचा

ता. क. ती मिशी कशाची होती, हे तू ओळखलंच असशील. तुझ्याकडे मुक्कामाला आलो होतो, तेव्हा एका दिवसापुरतं म्हणून नेलं. वहिनींचा काडीचाही दोष नाही. मला खरंच लाज वाटते. मला हव्या तितक्या शिव्या दे, पण आधी त्यांच्याशी बोल.

आणखी एक. आधी म्हणजे याच आठवड्यात. सिनेमाचा दुसरा भाग ठरला आहे आणि त्यात राजाचा मुलगा मिशी ठेवतो. वहिनींची वेणी चांगली कमरेखाली येते. तुमचं बोलणं सुरू झालं की तू सहज विषय काढशील का?