डोंगराचं गिऱ्हाईक

पनवेल, ३ डिसेंबर १९५३
सकाळी मोटारीतून उतरलो तर दिनानाथ स्वतः बैलगाडी घेऊन हजर. शाळेत एका बाकावर बसायचो आम्ही. त्याने डोंगरजमीन विकायला काढली आहे. आठ दिवस वरच्या खोपीत राहून तिथल्या पशुपक्ष्यांचं वर्णन मी लिहायचं, ते तो मुंबईच्या गिऱ्हाइकांना दाखवणार. माझ्या दम्यालाही इथली हवा मानवेल, म्हणाला. खोपीभोवती ऐन, किंजळ अशी झाडं. लांब खाडीची रेघ. येताच धनेशाची जोडी दिसली. फार बरं वाटलं.

४ डिसेंबर
शेकरू, हरियाल, झऱ्यावर भेकर. तीन पानं झाली. दुपारी दिनानाथकडची हौसा दहीभात घेऊन आली. भात सीमेच्या दगडापाशी पानावर वाढते, तिथेच बसून खायला लावते. इथली रीत असावी.

६ डिसेंबर
लिखाणात घालावी म्हणून हौसाला ती रीत विचारली. जमीन विकण्याआधी डोंगराच्या राखणदाराला कोंबडा सोडतात. मालकाच्या घरचा भात सहा दिवस सीमेवर चारतात, सातव्या दिवशी तो नाहीसा होतो. दिनानाथने दोनदा सोडला, दोन्ही वेळा कोंबडा परत आला. मग यंदाचा कोंबडा कुठे आहे, असं मी हसून विचारलं. ती माझ्या पानातल्या भाताकडे बघत राहिली. म्हणाली, "या येली शेटनी कोंबरा नाय आनला."

७ डिसेंबर
काल लगेच निघालो होतो. दगड ओलांडला की श्वास बंद. मागे सरलो की सुरू. चार वेळा पाहिलं. हा दमा नव्हे.

८ डिसेंबर
दिनानाथ आला. दगडाच्या पलीकडेच उभा. मी ओरडलो, शिव्या दिल्या, हात जोडले. खाली बघून म्हणाला, "काशा, तुझ्यामागे रडणारं कुणी नाही रे." माझी लिहिलेली पानं मागून घेतली. मीच दिली — वाटलं, सोडेल.

९ डिसेंबर
भात खाल्ला नाही. हौसाने पान तसंच ठेवलं. अंगणाच्या कडेला भेकरं, रानडुकरं, मोर — माझ्याकडे पाठ करून उभे. मधून वाट सोडलेली. एकही पक्षी ओरडत नाही —

१० डिसेंबर, दुपार
हौसा रिकाम्या हाताने आली. वर्णन वाचून गिऱ्हाईक खूश आहे. सौदा करायला शेट पहाटेच मुंबईला गेले, म्हणाली. कुणी हाक मारली तर ओ देऊ नका, एवढं सांगून रडत उतरली.

झाडीतून हाक येते आहे. काशा, चल, गाडी आणलीय. दिनानाथचाच आवाज. तो मुंबईत आहे. मला माहीत आहे तो मुंबईत — पण किती मायेनं — शाळेत हाक मारायचा तशी — मी ओ