मागच्या बाकावरची तुमची गादी

तीर्थस्वरूप आत्याबाईंना भाच्याचा सलाम.

गुडघा कसा आहे? जिना चढता येतो का? (डॉक्टर म्हणत असतील तर आणखी महिनाभर लेकाकडेच राहा, घाई मुळीच नाही. इथे सगळं ठीक आहे. अगदी ठीक आहे.)

तर झालं असं. नव्या पाळकसाहेबांनी ठरवलं, चर्चच्या मागच्या गल्लीतल्या लोकांना उपासनेला बोलवायचं. त्यांची आपली भिंत एक, पण ओळख शून्य. कमिटीने माना डोलावल्या, कारण कोणी येईल असं कोणाला वाटलंच नव्हतं. बोलावणं करायचं काम पडलं माझ्या गळ्यात. मी घाबरत घाबरत चौदा घरं फिरलो आणि, माझं नशीब, रविवारी चौदाच्या चौदा घरं हजर. तीही अर्धा तास आधी! पाहुण्यांनी पुढे कशाला घुसायचं म्हणून बिचारे सगळे मागच्या बाकांवर बसले.

आता आपली मंडळी मागेच बसते, हे तुम्हाला मी काय सांगायचं. (पुढच्या तीन बाकांचं पॉलिशसुद्धा अजून गेलेलं नाही.) आपले लोक आले आणि बंद दुकानासमोर उभं राहावं तसे दारातच थबकले. शेवटी पाळकसाहेबांच्या नाकासमोर जाऊन बसले. खजिनदारांना जन्मात पहिल्यांदा अख्खं प्रवचन जागेपणी ऐकावं लागलं. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत.

एवढं लांबण लावतोय, कारण खरी गोष्ट सांगायचं धाडस होत नाही. तुमच्या जागेवर एक इस्त्रीवाली बाई बसली. तुमच्या गादीवर! मी उठवायला गेलो होतो, खरंच सांगतो, पण तिच्या हातात गीतांचं पुस्तक देऊन परत आलो. आता ती दर रविवारी त्याच बाकावर असते. मागे तुमच्या बाकाजवळचा पंखा नुसता हलवला म्हणून तुम्ही सहा महिने चर्चला आला नव्हतात. या वेळी रुसलात तर कायमच्याच जाल, अशी भीती वाटते.

रागावू नका. घरी सगळ्यांना सलाम.

तुमचा भित्रा भाचा

ता. क. गादी तिने घरी नेऊन धुतली, कापूस पिंजून पुन्हा भरला. आता ती शेजारी बसते, गादीवर कोणाला टेकू देत नाही. तुमच्या गुडघ्याची चौकशी अख्ख्या मंडळीत ती एकटीच करते. (मीसुद्धा तिने विचारल्यावरच हे पत्र लिहायला घेतलं.)

आणखी एक ता. क. वर महिनाभर राहा लिहिलंय, ते खोडा. याच रविवारी या. मी तिला शेवटी विचारलं, नेमकी हीच जागा का? तर म्हणाली, इथे सगळंच परकं होतं, हा अभ्रा तेवढा ओळखीचा दिसला. वीस वर्षं तुमच्या घरचे कपडे तीच इस्त्री करते. तुम्ही गाठोडं दाराच्या फटीतून देता, म्हणून चेहरा आठवणार नाही. काल विचारत होती, बाई ओळखतील ना मला? मी हो म्हणून बसलोय. आत्याबाई, मला खोटं पाडू नका.