खडपकोंडची माणसं तयार होती

प्रिय श्रुतिका,

महाडहून लिहितोय, मुश्ताकच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसून. संध्याकाळी त्याची एक गाडी एमआयडीसीतला माल घेऊन न्हावा शेवाकडे निघते. ड्रायव्हर तौकीर वाटेत पनवेलला उतरून हे पत्र तुझ्या हातात देईल. फोन करता आला असता. पण तू पक्षाच्या शिबिरातल्या गर्दीत असतेस, ‘आबा, पटकन सांगा’ म्हणतेस, आणि मला पटकन सांगता येण्यासारखं आता काही उरलेलं नाही. वयाचा दोष समज.

परवा तू सांगितलंस की शिबिरात तुला शासन आणि लोकप्रतिनिधी या विषयावर बोलायचं आहे, आणि मला मुद्दे विचारलेस. पंचायत समितीचा सभापती, मग जिल्हा परिषदेचा सदस्य, एवढी वर्षं खुर्चीत काढलेल्या माणसाकडे मुद्दे भरपूर असायला हवेत. मी बसून आठवत राहिलो. भाषणात टाळी मिळेल असं एकही वाक्य सुचलं नाही. जे सुचलं ते लिहितो, मग तू त्याचं काय करायचं ते कर.

मी निवडून आलो तेव्हा मला वाटायचं, सरकार म्हणजे मोठी ताकद. आत गेल्यावर दिसलं की सरकार म्हणजे बहुतेक वेळा वाट पाहणारी माणसं. ग्रामसेवक बीडीओची वाट पाहतो, बीडीओ वरच्या सहीची, आणि वरचा माणूस साहेबांचा मूड कधी बरा होतोय त्याची. यातला कुणी दुष्ट नसतो. घरी गेल्यावर सगळे आपापल्या पोरांना जवळ घेतात. पण वाट पाहण्याची सवय लागलेला माणूस समोर कुणी बुडताना दिसलं तरी आधी मागे वळून बघतो, कुणी हो म्हणतंय का.

आणि स्वातंत्र्य. त्यावर मी पंधरा ऑगस्टला कितीतरी वेळा बोललोय. पण मी स्वतः मोकळा होतो तो फक्त हरलो होतो त्या काळात. तुला आठवत असेल, तू तेव्हा कॉलेजात होतीस. गाडी गेली, दारातली माणसं गेली. तुझ्या आईला डोळे दाखवायला मी पोलादपूरहून एसटीने महाडला न्यायचो. एकदा येताना तिला आइस्क्रीम हवं झालं. स्टँडसमोरच्या दुकानात आम्ही दोघं बाकावर बसून खात होतो आणि कुणी नमस्कार करायला आलं नाही. ती म्हणाली, “असं आधी का नाही हो बसलो आपण?” सुख म्हणून मला विचारशील तर ते तेवढंच आठवतं. पुढच्या निवडणुकीला मी परत उभा राहिलो, निवडून आलो, गुलाल उडाला. त्या दिवशी काय वाटलं होतं ते मात्र काही केल्या आठवत नाही.

इकडची बातमी अशी की गेल्या आठवड्यात आपल्या पक्षाचे साहेब घरी येऊन गेले. तुला सांगितलं नव्हतं. बरोबर कुणाला आणलं नाही, गाडी खाली रस्त्यावरच ठेवली. कोलिमाची चटणी आणि तांदळाची भाकरी मागून घेतली, तुझ्या आईच्या फोटोसमोर हात जोडले. मग म्हणाले, श्रुतिकाचं नाव पक्कं आहे, वरूनही होकार आलाय, जिल्हा परिषदेला तुमच्या गटातून तीच. मला आनंद झाला, खोटं कशाला लिहू. शाळेत असल्यापासून तू माझ्या सभांना मागच्या सतरंजीवर बसायचीस. वकिली सांभाळून तू गेली काही वर्षं वाड्या-वाड्यांत पाण्याच्या योजनांसाठी फिरतेस, ते मी बघितलंय. हे तिकीट तुला माझ्या नावावर मिळत नव्हतं, तुझ्या कामावर मिळत होतं. तेवढं कायम लक्षात ठेव.

उठता उठता साहेबांनी खडपकोंडची गोष्ट काढली.

आषाढात त्या वाडीवर दरड कोसळली तेव्हा तू मुंबईला हायकोर्टात होतीस. तुला कळलं ते पेपरातलं. मी तिथे होतो. त्या दिवशी सकाळी वाडीच्या वरच्या अंगाला जमीन फाटलेली दिसली, म्हणून वाडीतल्या भागोजीने मला बोलावलं. भेगेत माझी काठी अर्धी आत गेली. मी त्यांना म्हटलं, आत्ताच्या आत्ता खाली चला. कुणी वाद घातला नाही. बायकांनी चुली विझवल्या, म्हाताऱ्यांना पाठीवर घेतलं. मुश्ताकला फोन केला तर त्याने दोन टेम्पो धाडले आणि पाठोपाठ स्वतःही आला. दुपारपर्यंत सगळी वाडी खालच्या गावात नव्या निवारा केंद्राच्या पायऱ्यांवर उभी होती. दरडीच्याच दिवसांसाठी बांधलेली ती इमारत. दाराला कुलूप होतं, आणि दारावर लाल फीत.

उद्घाटन व्हायचं होतं. मी साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, “येसाजीराव, मंत्र्यांची तारीख मिळालीय. त्याआधी चिखलाचे पाय आत गेले तर कसं दिसेल? थोडं थांबवा त्यांना, मी शाळेचं बघतो.” शाळेची किल्ली हेडमास्तरांकडे, ते पुराच्या पलीकडे अडकलेले. मुश्ताकने कुलूप तोडायला गाडीतली लोखंडी टॉमी काढली, तर दारावरच्या पोलिसाने त्याला धरून ठेवलं. तोही हुकमाचा ताबेदार. मी पुन्हा पुन्हा फोन करत राहिलो. तहसीलला, प्रांतांना, परत साहेबांना. पावसात ती माणसं उभी राहून राहून थकली. लहान पोरांना आणि म्हाताऱ्यांना गावातल्या लोकांनी घरात घेतलं. बाकीच्यांना वर गोठ्यात बांधलेली जनावरं डोळ्यांपुढे दिसायला लागली. रंगूबाई, भागोजीची बायको, म्हणाली, धार काढते नि म्हशी सोडून परत येते. तिच्यामागे आणखी काहीजण गेले. दिवेलागणीला डोंगर खाली आला.

त्याच संध्याकाळी निवारा केंद्र उघडलं. फीत कुणी कापली नाही, ती पायाखाली आली. आत प्रेतं ठेवली.

नंतर पेपरात आलं की प्रशासनाने सूचना देऊनही ग्रामस्थांनी घरं सोडायला नकार दिला. हे वाक्य कुणी पहिल्यांदा म्हटलं ते मला माहीत नाही. राजकारणात खोटं असंच असतं, श्रुतिका. ते कुणी एकजण ठरवून बोलत नाही. एकाच्या तोंडून निसटतं, दुसरा ते पुसत नाही, तिसऱ्याला ते सोयीचं पडतं, आणि मग ते खरं होऊन बसतं. माणसं वर परत गेली होती, एवढं तर खरंच होतं. का गेली, तेवढं गाळलं.

साहेबांना माझ्याकडून तेच हवं होतं. दरडीच्या सरकारी चौकशीत माझी साक्ष होती. ते म्हणाले, खोटं काही बोलू नका, फक्त ‘लोक परत वर गेले’ एवढं सांगा आणि थांबा. माझा फोन, फीत, यातलं काही काढू नका. मग दारात चपला घालताना पुन्हा म्हणाले, श्रुतिकाचं नाव पक्कं आहे. दोन्ही गोष्टी त्यांनी एका दमात म्हटल्या नाहीत. तेवढी रीत त्यांना आहे.

दुसऱ्या दिवशी मी भागोजीकडे गेलो. आता तो पुनर्वसनाच्या पत्र्याच्या खोलीत राहतो, तिथे दुपारी बसवत नाही. त्याने नुकसानभरपाईचं काही विचारलं नाही. म्हणाला, “आबानु, पेपरात लिवलाय का आमी हट्ट केला. माझी रंगू हट्टी नव्हती. ती तुमच्यासमोर पायरीवर भिजत उभी व्हती. तेवढा सांगाल ना?” मी मान हलवली. पण तोंडाने हो म्हणून आलो नाही. घरी येऊन तुझी उमेदवारीची छापून आलेली पत्रकं बघत बसलो. फोटो चांगला आलाय.

आज सकाळी प्रांत ऑफिसात साक्ष झाली. मी सगळं सांगितलं. खडपकोंडची माणसं यायला तयार होती, येऊन उभी होती, आणि दार का उघडलं नाही तेही. साहेबांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. बाहेर आलो तर साहेबांचा माणूस फोन कानाला लावून जिन्यात उभा होता, माझ्याकडे बघितलंही नाही. मी चालत चवदार तळ्याशी गेलो आणि कट्ट्यावर बसलो. मोठं काही केल्यासारखं वाटलं नाही. पाय दुखत होते. तळ्याकडे बघताना एवढंच मनात आलं, की हे पाणी सगळ्यांना खुलं आहे असा ठराव नगरपालिकेने आधीच केलेला होता. तरी लोकांना चालत येऊन ओंजळ भरावीच लागली. आपल्याकडे दारं बांधायला माणसं पुष्कळ. उघडायला कुणीतरी स्वतः जावं लागतं.

हे पत्र पोचेपर्यंत तुझं नाव कापलेलं असेल, किंवा शिबिरातले लोक तुझ्याशी बोलायचे थांबले असतील. ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहिलं. तुला आधी का विचारलं नाही, असं तू म्हणशील. तो तुझा हक्क होता, आणि मी तो काढून घेतला. तू ‘आबा, खरं सांगा’ म्हणाली असतीस याची मला जवळजवळ खात्री आहे. पण तू चुकून ‘नको’ म्हणाली असतीस तर मी तुझं ऐकलं असतं. ते मला पक्कं माहीत होतं, म्हणून विचारलं नाही. राग येईल. येऊ दे. मात्र तो तिकडे बसून गिळू नकोस. घरी ये आणि माझ्यासमोर बसून काढ.

तुझाच,
आबा