घोळ माशांची दुसरी जागा

मी, हिराजी पदाजी तांडेल, वय ४७, ब्लास्ट फर्नेसवरचा कामगार, राहणार सेक्टर ४, भिलाई, पूर्ण शुद्धीत, कोणीही न धमकावता, नुसत्या थकव्याने हे लिहून ठेवतो. डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो पाहिला आणि ते एकदम अदबीने बोलू लागले. त्यावरून काय ते समजलो.

१. क्वार्टर कंपनीचे, ते कंपनीला. फंड, भांडी व पलंग पत्नी रंभा हिला. सायकल शेजारी चिंधूला. ब्रेक लागत नाहीत हे त्याला सांगायला नको, ते त्यानेच तोडले.

२. पालघरकडच्या घरातला माझा वाटा धाकटा भाऊ देवीदास याला. होडी त्याने न विचारता घेतलीच आहे.

३. आता ज्यासाठी त्याची पत्रे येतात ते. वल्हे पाण्यात सोडून दांड्याला कान लावला की घोळ मासे कुठे अंड्यावर जमलेत ते ऐकू येते, बेडकांसारखे ओरडतात. वडिलांनी मला अशा दोन जागा दाखवल्या. पहिली मी देवीदासला दाखवली, ती माझी चूक. त्याने इंजिन बसवले, नायलॉनचे जाळे आणले. घोळीच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला व्यापारी मागेल तो भाव देतात, म्हणून अंड्यांसकट सगळे उपसले. तीन हंगामांत तिथला आवाज बंद झाला. चौथ्या वर्षी मी भिलाईला आलो.

४. परवा तो स्वतःच आला. म्हणाला, "दादूस, दुसरी जागा सांग, नाय त ती तुझ्यासंगं जळंल."

रंभा गोंदियाकडची, तलावावर वाढलेली. भाकर थापता थापता म्हणाली, "अंड्याच्या दिवसात आमी तलावात जाळं नाही टाकत, भाऊजी. तुमच्या एवढ्या मोठ्या समुद्राले एवढीही सुट्टी नाही का?"

समुद्र कधी संपत नसतो, असे त्याने तिला समजावले. ती जागा एव्हाना दुसऱ्या कोणी उपसली असेल, तर मी रिकाम्या पाण्याची राखण करून राहिलो आहे, हेही खरे.

५. तरी ती जागा मी कोणालाही देत नाही. काल रंभा म्हणाली, "मले तरी सांगा." नाही सांगितली. ती अजून रुसलेली आहे. माझ्यामागे देवीदास येईल, तिच्या पाया पडेल, आपल्या पोरांची शपथ घालेल. तेव्हा तिने खरे तेच सांगावे, की मला माहीत नाही. तिला खोटे बोलता येत नाही.

स्थळ : भिलाई. ता. ९ फेब्रुवारी १९६४
सही : हिराजी पदाजी तांडेल

साक्षीदार :
१. मारोतराव, टाइम ऑफिस (मासे खात नाहीत, म्हणून निवडले)
२. चिंधू (अंगठा)