पिसूमुक्तीचा गुप्त फॉर्म्युला

५ ऑक्टोबर १९९९, मंगळवार. सकाळी ९.
भुऱ्याला पिसवा झाल्या आहेत. दोन दिवस मागच्या पायाने कान खाजवतोय. विमल म्हणाली, कुत्र्याला डॉक्टरकडे न्या. नेणार नाही. डॉक्टर परदेशी कंपनीचं औषध देणार. त्या कंपन्या इथे कशासाठी आल्यात, ते मला ठाऊक आहे. आपल्या हळदीचं पेटंट घ्यायला निघाले होते ते लोक.
व्हीआरएस घेऊन सहा महिने झाले. लोकांना वाटतं मी रिकामा आहे. निर्णय: संपूर्ण नैसर्गिक पिसूनाशक पूड तयार करणे. नाव ‘पिसूमुक्ती’. लाँच दसऱ्याला. तोवर कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही.

६ ऑक्टोबर, बुधवार.
वेखंड, वाळलेला कडुनिंब, करंजाची पेंड, कापूर. चार वस्तू चार दुकानांतून घेतल्या, म्हणजे कोणाला अंदाज येऊ नये. कसब्यातून बुधवारात, तिथून रविवारात, पायीच. वेखंडवाल्याने पुडी बांधता बांधता विचारलं, घरात पिसवा झाल्या का. याला कसं कळलं? त्या दुकानात पुन्हा जायचं नाही.
मागची गॅलरी आजपासून लॅब. विमलला प्रवेश बंद. तिने विचारलं, मग कपडे कुठे वाळत घालू. संशोधनात अशा अडचणी यायच्याच.

८ ऑक्टोबर, शुक्रवार. संध्याकाळी ७.
पहिला प्रयोग. पूड भुऱ्याच्या अंगावर, सोफ्यावर, गाद्यांखाली. भुऱ्या अकरा वेळा शिंकला, म्हणजे लागू पडतेय. मोजणीसाठी ताटात साबणाचं पाणी घेऊन वर टेबललॅम्प लावला. उजेडाला भुलून पिसवा उड्या मारतात आणि पाण्यात पडतात. सतरा मिळाल्या. विमलचं म्हणणं, ताट नैवेद्याचं आहे.
तिला सक्त सूचना दिल्या. भुऱ्याला अंघोळ नाही, पूड धुऊन जाईल. केर नाही, पूड झाडली जाईल. ‘आधीची परिस्थिती’ दाखवायला पुरावा हवा, म्हणून भुऱ्याचं जुनं कांबळं न धुता पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलं.
बाहेरच्या खोलीत नम्रता पेइंग गेस्ट आहे. वर्ध्याची, सॉफ्टवेअरमध्ये. तिची शिफ्ट दुपारी तीननंतर. आज निघता निघता म्हणाली, “काका, यात काय काय टाकलं?” अगदी सहज विचारल्यासारखं. ही मुलगी रोज अमेरिकेला ई-मेल पाठवते. पगारच त्याचा मिळतो तिला.

१० ऑक्टोबर, रविवार. घटस्थापना.
फॉर्म्युला सांकेतिक भाषेत लिहून काढला. फक्त पहिली अक्षरं आणि प्रमाण. व, क, क, क. कोणाच्या बापाला कळणार नाही.
दुपारी दुसरी खेप करायला बसलो. कोणता क किती, ते आठवेना. अंदाजाने टाकलं.

१४ ऑक्टोबर, गुरुवार.
ताटात फक्त दोन पिसवा. सतरावरून दोन. भुऱ्या शांत झोपतो. पिसूमुक्ती सिद्ध झाली.
एक गोष्ट खटकली. दुपारी झोपून उठलो तर भुऱ्याची शेपटी ओली. विमलला विचारलं. म्हणाली, पाणी प्यायला होता. शेपटीने? नम्रताच्या बाह्याही ओल्या होत्या. माझ्या पुडीचं धुवण बाटलीत भरून तपासणीला पाठवतात की काय या दोघी? उद्यापासून दुपारची झोप बंद. पहारा.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार.
झोप लागली.

१९ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा.
लाँच केलं. रावसाहेबाकडे, खडकीला. दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहतो. तीस वर्षांची मैत्री. व्हीआरएसनंतर न चुकता फोन करणारा तेवढा एकच उरलाय. त्याच्याकडे राणी नावाची पॉमेरिअन आहे. आपट्याची पानं दिली, वर पुडीचा डबा दिला.
राणीला पिसवा नाहीत, असं वहिनी म्हणाल्या. मी म्हटलं, होऊ नयेत म्हणून. मग सोबत नेलेलं भुऱ्याचं कांबळं त्यांच्या सोफ्यावर पसरून दाखवलं. पूड नसली की ही अशी अवस्था होते, म्हणून दोनदा झटकलंही. वहिनी उठून आत गेल्या. रावसाहेब सोफ्यावरून उठून दारापाशी जाऊन उभा राहिला. भारावला असावा.

२३ ऑक्टोबर, शनिवार.
रावसाहेबाचं पोस्टकार्ड.
“राणीला व आम्हा दोघांना पिसवा झाल्या आहेत. आपण यावे व आपली पूड आणि आपल्या पिसवा, दोन्ही घेऊन जावे.”
तीस वर्षांत त्याने मला कधी ‘आपण’ म्हटलेलं नाही. कंपनीवाले त्याच्यापर्यंत पोचले, एवढाच याचा अर्थ.
विमलला तसं सांगितलं. तिने गॅस बंद केला आणि समोर येऊन बसली.
“कोणी कुठे पोचलेलं नाही. तुमची पूड मी दुसऱ्याच दिवशी झाडून टाकली. भुऱ्याच्या डोळ्यांत जात होती. दर तिसऱ्या दिवशी तुम्ही झोपलात की नम्रता धरते आणि मी त्याला साबण लावते. मग फणी. चादरी उकळत्या पाण्यात, गाद्या गच्चीवर उन्हात. सोफ्याखालून रोज केर काढते. म्हणून गेल्या पिसवा. कांबळं तेवढं तुमच्या ट्रंकेत होतं.”
मी विचारलं, आधी का नाही सांगितलंस. म्हणाली, सहा महिन्यांत पहिल्यांदाच तुम्ही सकाळी उठून दाढी करत होतात.
यावर काही लिहायचं नाही.
जाता जाता म्हणाली, कडुनिंब आणि वेखंड तिची आई धान्याच्या कणग्यांत घालायची. म्हणजे फॉर्म्युल्याची गळती सासुरवाडीहून.

२४ ऑक्टोबर, रविवार.
रावसाहेबाला सडेतोड उत्तर लिहायला घेतलं. चार कागद फाडले. ‘आपण’ लिहिताना हात अडतो.

२६ ऑक्टोबर, मंगळवार.
खडकीला गेलो. बादली, साबण, फणी घेऊन. वहिनींनी दारातच थांबवलं. मागच्या नळावर राणीला धुतलं. ती दोनदा चावली. फणी फिरवून निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवल्या. सोफ्याची कव्हरं उकळून वाळत घातली. अंगणात पाहणाऱ्यांना मी कामाला ठेवलेला माणूस वाटलो असेन. रावसाहेब खिडकीतून बघत होता. लक्ष ठेवत होता म्हणा.
चार वाजता चहा घेऊन बाहेर आला. माझ्याशेजारी पायरीवर बसला. म्हणाला, “शेपटीखाली राहिलंय बघ.”
बघ म्हणाला. शेपटीखालून परत फणी फिरवली.

३१ ऑक्टोबर, रविवार.
विचार केला, आता लपवण्यात अर्थ नाही. नम्रताला सुट्टी होती. समोर बसवून सगळा फॉर्म्युला सांगितला. चारही वस्तू, प्रमाण, वाळवण्याची पद्धत. तिने नीट ऐकून घेतलं. मी म्हटलं, लिहून घे हवं तर. म्हणाली, “नाही काका, राहील लक्षात.” मनात म्हटलं, ठरलं. उद्या हे अमेरिकेत.
तासाभराने तिला विचारलं, तिसरी वस्तू कोणती सांगितली होती.
आठवेना म्हणाली. मला वाटलं, सोंग करतेय. पुन्हा विचारलं. बराच विचार करून म्हणाली, हळद का?
खरंच आठवत नव्हतं तिला.